बरणीतलं गोड पाणी

कोकणातून केदारखेड्याला येताना तीन बस बदलल्या, पण समुद्राच्या पाण्याची बरणी मी मांडीवरून खाली ठेवली नाही. आत टोपीच्या आकाराच्या समुद्री गोगलगायी काचेला चिकटून होत्या. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्या ओळखायच्या होत्या. कवचाच्या माथ्यावर कुलपाच्या भोकासारखं छिद्र असलेल्या वेगळ्या, बिनछिद्राच्या वेगळ्या, एवढं मला कळत होतं. पण छिद्र असलेल्यांतली नेमकी जात ठरवायला कवचाखालून डोकावणाऱ्या मांसाचा रंग बघायचा होता, आणि तो जिवंतपणीच नीट दिसतो.

घरी पोचल्यावर बरणी ओट्यावर ठेवली आणि जरा आडवी झाले. उठून बघते तर पाणी लख्ख, आणि गोगलगायी तळाशी उलट्या, फुगून पांढऱ्या पडलेल्या.

"माय, पाणी कोणी बदललं?"

"म्या. चाखून पाह्यलं, नुसतं खारट. मुक्या जिवाला असलं पाणी पाजून राह्यली का गं? आपल्या माठातलं चांगलं गोड पाणी घातलं."

मी मिठाचा डबा बरणीत उपडा केला, हातानं ढवळलं. एकीला काचेला दाबून धरलं. हात काढला की ती गळून पडायची. मग मी मायवर तुटून पडले. "आता समुद्र कोण आणून देणार मला? तू?"

माय ओट्यावर सांडलेलं मीठ गोळा करू लागली.

ओरडून घसा कोरडा पडला, म्हणून मी माठात तांब्या घातला. तो खडकन कोरड्या तळाला लागला. टँकर उद्या येणार होता.