दवाखान्याचा उतार

पंचायत समितीच्या कचेरीत माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. पाय गेलेल्या नवऱ्याला पाठुंगळी घेऊन त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या. म्हणून त्यांनी तिथे उतार बांधून मागितला होता.

साहेब हसून म्हणाले, "मावशी, तुमचं काम मंजूर झालं बघा."

"साहेब, आमचे मालक गेले पावसाळ्यात."

साहेबांचं हसू मावळलं. या कामासाठी त्यांनी मनापासून धडपड केली होती. तरी मंजुरी यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ त्या माणसाकडे नव्हता. दोष कुणाला द्यावा, मला कळेना.

"मग अर्ज मागे घ्यायला आलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. आमच्या आळीतली शांता अजून रांगत चढते. तिच्यासाठी तरी लवकर करा."

साहेब उठले आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.