संपातल्या बांगड्या

आमच्या सरकारी ऑफिसात 'बाई' एकच होत्या. बाकी आम्ही सगळ्या कुणी ताई, कुणी मॅडम. बाई आमच्या युनियनच्या शाखेच्या सेक्रेटरी. उंचीने जेमतेम पाच फूट, पण बेलापूरला घोषणा दिली तर नेरूळची कबुतरं उडावीत असा आवाज. मी तिथे टायपिस्ट होते आणि स्वभावाने तेव्हाही अशीच, तोंडाला कुलूप नसलेली. म्हणूनच आमचं जमायचं. दिवसातून एकदा भांडायचो आणि डबा एकत्र खायचो.

संपात बाईंचं एक हत्यार होतं, बांगड्या. संपाच्या दिवशी जो पुरुष गेटातून आत कामावर जाईल, त्याच्या हातात बाई हिरव्या काचेच्या बांगड्या ठेवायच्या. सगळ्यांच्या देखत. "घाल आणि जा," एवढंच म्हणायच्या. नुसत्या धाकानेच अर्धे लोक रस्त्यावरून परत फिरायचे. बांगड्या पुरवायची सारसोळ्याची एक म्हातारी कासारीण. डोक्यावर टोपली घेऊन सगळे सेक्टर पालथे घालायची. तिला हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. बांगडी मानाची वस्तू, ती भित्र्याच्या हातात ठेवून तुम्ही माझ्या धंद्याची अब्रू काढता, असं ती दर वेळी ऐकवायची आणि ऐकवता ऐकवता माल द्यायची. मलाही ते खटकायचं. संपात पुढे बायका, पोलिसांशी हुज्जत घालायला बायका, आणि भित्रेपणाची खूण म्हणून बांगडी? बाईंना मी तसं बोललेही होते. त्या म्हणाल्या, तुझं बरोबर आहे, पण औषध लागू पडतंय ना, मग मला डॉक्टरकी शिकवू नकोस.

एका संपात हे औषध आमच्या बिलवाल्यालाही मिळालं. बिलवाला म्हणजे आमच्याकडे बिलं करणारा क्लार्क, साताऱ्याकडचा, तेव्हा नवा आणि टेम्पररी. सरळ माणूस. त्या दिवशी खाली मान घालून आला, बाईंनी हातात ठेवलेल्या बांगड्या रुमालात नीट बांधल्या, खिशात घातल्या आणि आत गेला. आम्ही सगळ्या हसलो. संप मिटल्यावर तो युनियनचा मेंबर झाला, कायमही झाला, पण त्या दिवसाबद्दल ना तो बोलला, ना आम्ही विचारलं.

तीन-चार वर्षांनी पुन्हा मोठा संप आला. सरकारने काटकसर काढली होती. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, निम्मे टायपिस्ट नकोत, शिपाई कंत्राटावर घ्यायचे. सगळं ऑफिस बाहेर आलं. फुटपाथवर ताडपत्रीचा मांडव पडला, मडकी आली, पत्त्यांचे डाव रंगले, करावे गावातल्या एका मेंबरने घरून सुकटीची चटणी आणली तर शाकाहारी मंडळीसुद्धा वासाने जवळ सरकली. खरं सांगते, संपात पगाराची काळजी असते, पण मजाही येते. रोज ज्यांच्या फायलींशी भांडतो, ती माणसं तेव्हा कळतात.

आणि अशात एके सकाळी बिलवाल्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी महिनाअखेर आहे आणि बाई रिटायर होणार आहेत.

सगळ्यांचे चेहरे उतरले. कारण परिपत्रक आलं होतं, महिनाअखेरीपर्यंत जो कामावर येणार नाही, त्याच्या नोकरीत खंड पडला असं धरलं जाईल. आमचं ठीक होतं. संप मिटताना तडजोड होते, खंड माफ होतो. पण ज्या माणसाची नोकरीच उद्या संपते, त्याने खंड माफ करून घ्यायला कुठल्या दारात उभं राहायचं? बाईंची पेन्शन वर्षानुवर्षं लटकली असती. आणि बाईंना पेन्शनशिवाय काही नव्हतं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, नेरूळच्या एका खोलीत अंथरुणाला खिळलेली सासू. तिची औषधं, दिवसा तिला सांभाळणाऱ्या शेजारणीचा पगार, सगळं त्यावरच चालणार होतं.

मांडवात एकमताने ठरलं, उद्या बाईंनी आत जायचं. मस्टरवर सही करायची, चार्ज द्यायचा, संध्याकाळी बाहेर यायचं. युनियनची परवानगी, काही टेन्शन नाही.

बाईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. आम्ही समजावलं, विनवलं. मी तर भांडले, सासूला काय घोषणा खायला घालणार का, असं तोंडावर विचारलं. बाई ढिम्म हलल्या नाहीत.

"ज्या गेटात मी माणसांच्या हातात बांगड्या ठेवल्या," त्या म्हणाल्या, "त्याच गेटातून मी आत जाऊ? माझ्या हातात कोण ठेवणार बांगड्या?"

मला इतका राग आला, इतका राग आला की मी उठून मडक्यातलं पाणी प्यायले आणि तिथेच रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मांडवात नेहमीच्या जागी येऊन बसल्या. ऑफिस उघडायला थोडा अवकाश होता. तेवढ्यात समोरून बिलवाला आला आणि त्याच्या मागे टोपली घेऊन कासारीण. मला वाटलं, मेल्याने आजच दावा साधला. बाईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्या ताठ होऊन बसल्या.

बिलवाला त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. "बाई, बांगड्या कोण ठेवणार म्हणून तुम्ही विचारलंत. मी ठेवतो," तो म्हणाला. "तुम्ही दिल्या तवा मी घेतल्या का नाय? आता म्या देतोय, तुम्ही घ्या. फकस्त आपण बांगड्या रीतीनं भरू. हसायला न्हाय."

कासारणीने टोपली उतरवली आणि बाईंचा हात धरला. बाईंच्या हातात कित्येक वर्षं फक्त घड्याळ असायचं. त्या हात मागे घ्यायला लागल्या, म्हणाल्या, मला चालत नाही.

"तुला नसल चालत, मला चालतंय," कासारीण म्हणाली. "कासारनीनं धरलेला हात रिकामा सोडायचा नाय, आमचा नेम हाय. गप ऱ्हा बाय."

आणि म्हातारीने हात दाबून, बोटं मिटवून एकेक बांगडी सर्रकन वर चढवली. दोन्ही हात भरले. मग प्रत्येक बाईने पुढे होऊन हळदीकुंकू लावलं. नवरा गेलेल्या बाईला कुंकू कसं, असं मनात कुणाच्या आलं असेलही, पण बोलायची टाप नव्हती, कारण शेजारी मी उभी होते. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तरी त्या आम्हाला म्हणत होत्या की घोषणा कोण देणार, मी गेले की तुम्ही झोपाल.

आम्ही दोन्ही बाजूंना रांगा केल्या आणि मधून बाई आत गेल्या. अशा घोषणा त्या गेटाने पुन्हा ऐकल्या नसतील. ड्यूटीवरचा हवालदार चक्रावला. त्याने मला विचारलं की ही बाई कामावर चालली आहे, मग तुम्ही विजय असो कशाला म्हणताय? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही पत्ते खेळा.

संध्याकाळी बाई बाहेर आल्या त्या साहेबांनी दिलेली शाल आणि नारळ घेऊन. मांडवात येऊन त्यांनी दोन्ही हात पुढे केले. एक बांगडी कमी होती.

"मस्टरवर सही करताना टेबलाला लागून फुटली," त्या म्हणाल्या. "बाकी शाबूत आहेत. तेवढं एकच काम केलं मी दिवसभरात."

हशा झाला. नारळ फुटला. मग चहा पिता पिता बाईंनी बिलवाल्याला विचारलं, "तू त्या दिवशी आत का गेला होतास रे? मी कधी विचारलंच नाही."

तो ओशाळला. म्हणाला, टेम्पररी होतो, बायकोला आठवा महिना होता, नोकरी गेली असती तर तिला दवाखान्यात कुठल्या तोंडानं नेलं असतं. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, उद्या तिला मांडवात घेऊन ये, मला भेटायचंय. त्यावर बिलवाल्याचा चेहरा पडला, का ते मला कळेना. ती कशाला, लांब पडतं, पोरगं लहान आहे, अशी तो शंभर कारणं सांगायला लागला. मला वाटलं, अजून सल आहे गड्याच्या मनात. पण बाईंपुढे कुणाचं चाललंय? आणि तशाही त्या रिटायर झालेल्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट जोरात मांडवात हजर.

बायको आली. घणसोलीला खोली घेऊन राहायचे ते, तिथून पोराला कडेवर घेऊन आली. बिलवाला मागे, घामाघूम. तिने आल्या आल्या विचारलं, बाई कोण? आम्ही दाखवल्या. तिने पोराला खाली सोडलं आणि सरळ वाकून बाईंच्या पायाला हात लावला.

"किती दिसांचं मनात होतं," ती म्हणाली. "मला आठवा लागला तवा तुम्ही ह्यांच्या हाती हिरव्या बांगड्या पाठवल्या होत्या. हितं माझं माहेरचं कुणी न्हाय. बाळंत होईस्तोवर म्या त्या हातातनं काढल्या न्हाईत."

बिलवाला ताडपत्रीच्या दोऱ्या तपासायला लागला. बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग तिला जवळ ओढून शेजारी बसवलं, पोराला मांडीवर घेतलं आणि माझ्यावर ओरडल्या, बघत काय उभी राहिलीस, कासारणीला हाक मार.