विमलाजींची लेबलं

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि त्याला तर मी शेजारणीच्या भांडणापासून दुधात किती पाणी होतं इथपर्यंत सगळं सांगते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी एक सांगून टाकते. मी चांगली शिक्षिका होते. उगाच विनय दाखवायचा माझा स्वभाव नाही. नवऱ्याची रेल्वेत भुसावळहून जयपूरला बदली झाली, आणि वैशाली नगरमधल्या एका शाळेनं मला पहिल्याच मुलाखतीत विज्ञानासाठी घेतलं. माझ्या हिंदीला मुलं हसायची, पण माझ्या तासाला चुळबुळ करायची कुणाची टाप नव्हती.

२००७च्या सुमारास शाळेत इंटरनेट आलं. दोन शिक्षिकांना शिकायला पाठवलं — मला आणि विमलाजींना. त्या रोज जयपूरबाहेरच्या चौमूं गावाहून बसनं यायच्या. नोकरी कच्ची; कॉम्प्युटर रूमची जबाबदारी मिळाली तर पक्की होणार होती. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

आम्ही शिकलो ते असं — इंटरनेटवर सापडलेली उपयोगी पानं एका साइटवर साठवायची आणि प्रत्येकाला लेबल लावायचं. मग मुलांनी लेबलावर टिचकी मारली की ती पानं समोर. शाळेचं खातं एकच, पासवर्डही एकच. मी भराभर शिकले. ‘बाष्पीभवन’, ‘उष्णतेचे वहन’ अशी लेबलं लावली, तीही इंग्रजीत. विमलाजी एका बोटानं टाइप करायच्या. त्यांची लेबलं कशी? ‘मटका ठंडा क्यों’. ‘रेत रात में ठंडी क्यों’. मला हसू यायचं.

पण मुलं त्यांच्याच लेबलांवर जायची. माझी पानं कुणी उघडायचंच नाही. एकदा माझ्याच वर्गातल्या मुलीनं मला सांगितलं, की मॅडम, विमला मॅडमवाला देखो, उसमें मिल जाता है. मी हसून मान डोलावली — आणि आतून जळले. हो, जळले. दुसरा शब्द शोधत बसणार नाही.

मॅनेजमेंटची माणसं कॉम्प्युटर रूम पाहायला येणार, त्याच्या आदल्या दुपारी मी तिथे एकटीच होते. मनाला सांगितलं, जरा आवरून ठेवते. आवरायला लेबलं पुसावी लागतात का? त्यांचं एकेक लेबल मी पुसत गेले. दर वेळी स्क्रीन विचारायची, नक्की पुसायचं ना? दर वेळी मी हो म्हटलं. पानं राहिली, नावं गेली. सगळ्या डाळी एका पिंपात ओतल्यासारखा ढीग झाला. माझी लेबलं तेवढी जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर विमलाजी आपली लेबलं शोधत राहिल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या हळूच म्हणाल्या, “मॅडम, मेरे से ही कुछ गलत दब गया होगा.” तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले, नाही असं नाही — प्रिन्सिपल मॅडमना म्हटलं, त्यांना रागावू नका, नव्या आहेत, होतं असं, मी सांभाळून घेते. आणि माझ्या लेबलांवर सगळं छान दाखवलं.

कॉम्प्युटर रूम मला मिळाली. ती मी उत्तम चालवली, हेही खरंच आहे. विमलाजींना पुढच्या वर्षी शाळेनं ठेवलं नाही.

शेवटच्या दिवशी त्या घरी तळलेल्या खुसखुशीत, खारट मठरीचा डबा घेऊन माझ्याकडे आल्या. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, “सबके सामने उस दिन आपने मेरी इज्जत रख ली. मैं भूलूँगी नहीं.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, “गलती सबसे होती है, विमलाजी.” मोठ्या मनानं मी त्यांना माफ केलं.