पिनबॉलचा संस्थापक अध्यक्ष पहिल्याच फेरीत बाद

शेलूबाजारात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आहे म्हणजे पाटी आहे. पेटीसारखे टीव्ही होते तोवर जेवायला सवड नव्हती. मग टीव्ही पातळ झाले, बिघडले की लोक सरळ नवा आणू लागले, आणि मी मिक्सर, इस्त्र्या न् स्टॅबिलायझर यांच्यावर आलो. अशाच रिकामपणाच्या दिवसांत सुटे भाग आणायला अकोल्याला गेलो होतो. तिथं एक गेम झोन बंद होत होता, सामान विकायला काढलं होतं. स्टॅबिलायझर स्वस्तात मिळतील म्हणून मी आत गेलो आणि पिनबॉलची मशीन घेऊन बाहेर आलो.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. कमरेएवढ्या उंचीचं, चार पायांचं टेबल असतं. वर काच, काचेखाली उतरता पाट. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते, खांबांना, दिव्यांना धडकत खाली येते, आणि प्रत्येक धडकेचे गुण मिळतात. अगदी खाली दोन छोटे हात असतात, बाजूच्या बटणांनी हलणारे. त्यांनी गोळी परत वर मारायची. नाही मारता आली तर दोन हातांच्या मधल्या फटीतून ती गेली. अशा तीन गोळ्या संपल्या की डाव संपला.

हा खेळ मी आयुष्यात एकदाच खेळलो होतो. आयटीआयला असताना नागपुरात, एक अख्खी दुपार. सोबतचा मित्र म्हणाला होता, "तुझा हात चांगला आहे." त्या एका वाक्यावर मी पंचवीस वर्षं काढली.

पिकअपमधून मशीन उतरवताना हायवेवर जीपची वाट पाहणारे सगळे जमा झाले. एकजण म्हणाला, "दवाखान्याची हाय काय?" दुसरा म्हणाला, "नाई, सोयाबीनची ओल मोजाची असन." बायको दारात आली.

"हे काय होय?"

"खेळाची मशीन."

"कोणाच्या खेळाची?"

"माह्या."

तिनं मशीनभोवती एक फेरी मारली, काचेवर टिचकी मारली आणि आत गेली. आतून आवाज आला, "मले वाटलं कपडे धुयाची हाय."

दुरुस्तीला दोन महिने लागले. जळालेल्या कॉइल पंख्याच्या तारेनं पुन्हा गुंडाळल्या, तुटलेल्या रबरांच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून बसवल्या. तेवढं काम मला येतं, ते चांगलं झालं. घोटाळा झाला तो मोबाइलमुळे. काम करता करता मी परदेशातले व्हिडिओ पाहू लागलो. तिकडे लोक दर आठवड्याला जमतात, स्पर्धा घेतात, ती थेट दाखवतात, हॉटेलांत मशीन ठेवून चालवतात. मी ठरवलं, हे सगळं वाशिम जिल्ह्यात मी सुरू करणार.

पहिलं काम म्हणून मी बॅनर छापला. त्यावर एका कोपऱ्यात मशीन होती आणि बाकी सगळा मी होतो. फोटोखाली लिहिलं होतं, 'संस्थापक अध्यक्ष'. त्या वेळी संघटनेत एकूण सभासद एक होता. बायकोला मी कोषाध्यक्षपद देऊ केलं. ती भाजी निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

मशीन दुकानात मांडली आणि कोणी आलं नाही. म्हणजे लोक यायचे, पण मिक्सर घेऊन. एखादा जीपवाला खेळायला उभा राहिला तर मी आधी त्याला दहा मिनिटं तंत्र समजावून सांगायचो. मग तो दांडा ओढायचा, गोळी सरळ फटीतून जायची आणि तो म्हणायचा, "एवढंच?" रोज येणारा माणूस एकच, एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर. तेही माझ्याकडे पेपर वाचायला येत.

आमच्यापासून दोन दुकानं सोडून पिठाची गिरणी आहे. ती एक काकू चालवतात. पन्नाशीच्या, अंगावर कायम पिठाचा थर, बोलणं मोजकं. एक दिवस इस्त्री न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची मशीन माह्याकडं ठेवा. माह्या इथं लोकं बसूनच राह्यतात. दळण होयेपर्यंत करतीन काय?"

मला राग आला. आंतरराष्ट्रीय खेळ आणि गिरणीत? पण दुसऱ्या दिवशी दुपारीच चौघांना बोलावून मी मशीन तिकडे हलवली. अध्यक्षाला सभासद हवे होते.

गिरणीत दोन अडचणी निघाल्या. मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि मशीनचे हात लकवा मारल्यासारखे लुळे पडायचे. त्यासाठी मी वेगळा स्टॅबिलायझर बनवला. दुसरी अडचण पिठाची. काचेच्या फटीतून पीठ आत जायचं, गोळी पांढरी व्हायची आणि रेंगाळत चालायची. रोज सकाळी काच काढून स्पिरिटनं पाट पुसायचा, हे काम माझ्याकडे आलं ते आजतागायत आहे.

पण लोक खेळू लागले. आमच्या भागात दहाचं नाणं कोणी घेत नाही. माझी मशीन मात्र फक्त तेच घ्यायची, त्यामुळे घराघरात पडून राहिलेली नाणी बाहेर निघाली. बाया ज्वारीचा डबा लावून खेळायला उभ्या राहत. काहीजणी एकाच दळणाच्या दोन खेपा करू लागल्या. जीपवाले सवाऱ्या भरेपर्यंत एक डाव टाकून जात. आणि मी सगळ्यांच्या मागे उभा राहून सूचना देत असे.

काकू महिनाभर नुसत्या पाहत होत्या. एक दिवस मी एका जीपवाल्याला धक्क्याचं तंत्र शिकवत होतो. पिनबॉलमध्ये मशीनला हलका धक्का देऊन गोळीची वाट बदलता येते. धक्का जास्त झाला तर मशीन दिवे घालवते, हात बंद करते आणि गोळी जाते. मी तीन वेळा करून दाखवलं, तीनही वेळा दिवे गेले. काकू म्हणाल्या, "सरका जरा." त्या दिवसभर गिरणीच्या पत्र्याच्या तोंडावर थाप मारून अडकलेलं धान्य खाली आणत असतात. तीच थाप त्यांनी मशीनच्या कडेला मारली. फटीकडे निघालेली गोळी बोटभर सरकली, हातावर आली आणि वर गेली. पहिल्याच डावात त्यांनी माझ्या आजवरच्या सर्वांत मोठ्या गुणसंख्येला मागे टाकलं.

"नवीन माणसाचं नशीब असते, काकू," मी म्हणालो.

"असन," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच केलं.

तरीही मी पहिली स्पर्धा जाहीर केली, कारण ती मीच जिंकणार याची मला खात्री होती. गिरणीच्या सुट्टीचा दिवस धरला. कंडक्टर साहेबांनी सोळा नावांच्या चिठ्ठ्या पाडून जोड्या लावल्या. पहिल्या फेरीत माझी चिठ्ठी काकूंच्या चिठ्ठीबरोबर निघाली. मला त्यांची दयाच आली.

स्पर्धा मोबाइलवरून थेट दाखवायची होती. मशीनच्या डोक्यावर स्टँड लावला, त्यात मोबाइल असा अडकवला की कॅमेरा खाली पाटाकडे आणि पडदा भिंतीकडे. साळ्याच्या लग्नात शिवलेला कोट घालून मी समालोचन सुरू केलं. "नमस्कार, प्रेक्षकहो. आजचा हा क्षण आपल्या परिसरासाठी…" एवढं बोलून मी भावनेच्या भरात मशीनवर हात आपटला.

स्टँडची मान ढिली होती. कॅमेरा वर उचलला गेला आणि पाटाऐवजी समोर उभ्या माणसाचं तोंड दाखवू लागला. पडदा भिंतीकडे असल्यामुळे हे कोणाला कळलं नाही. पुढचे दोन तास जगाला, म्हणजे पुण्यातल्या माझ्या साळ्याला आणि आणखी पाच-सहा नातेवाइकांना, फक्त तोंडं दिसत होती. त्यातलं बहुतेक वेळ माझं, कारण मी प्रत्येकाच्या डावात वाकून बोलत होतो.

माझा डाव आला. पहिली गोळी गेली तेव्हा मी हसलो. दुसरी गेली तेव्हा मी लोकांकडे पाहून मान हलवली. तिसरी फटीकडे निघाली तेव्हा माझं तोंड उघडं पडलं, डोकं तिच्याबरोबर खाली खाली गेलं, आणि मग मी सरळ होऊन मशीनकडे बोट दाखवत म्हणालो, "आत पीठ गेलंय." काकूंचा डाव झाला. मी हरलो हे मोजायची गरज पडली नाही. पुढे स्पर्धाही त्यांनीच जिंकली.

सगळं आवरल्यावर मी मोबाइल काढून प्रेक्षकांचे संदेश वाचले. पहिला होता, 'मशीन दाखवा.' मग साळ्याचा, 'भाऊजी, कॅमेरा वर गेला.' मग पुन्हा त्याचाच, 'फक्त तोंड दिसते.' आणि शेवटचा, 'राहू द्या, हेच बरं आहे.'

त्यानं माझ्या डावाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला मला माहीत नाही. दोन दिवसांनी मंगरूळपीरला सोल्डर घ्यायला गेलो तर दुकानदार माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "आत पीठ गेलंय, ते तुमीच ना?"

मी आठ दिवस गिरणीकडे फिरकलो नाही. दुकानात बसून जुने टीव्ही उघडून परत बंद करत राहिलो. खरं सांगायचं तर हरल्याचं दुःख थोडं होतं, लोक हसले त्याचं जास्त होतं, आणि सर्वांत जास्त हे होतं की ते हसणं योग्य होतं. आठव्या दिवशी कंडक्टर साहेब आले. पेपर न उघडता उभे राहिले.

"मशीन बंद पडली बाप्पा."

"पडू द्या."

"कामरगाववरून लोकं आले हायेत."

"कायले? माह्यावर हासाले?"

"ते तं हाय. पण त्यायले तुमचं तोंड पाह्याचं हाय. हरतानी कसं दिसते ते."

मी गेलो. गिरणीत बसायला जागा नव्हती. एका खांबामागे पिठाचा गोळा घट्ट झाला होता, त्यात गोळी अडकली होती. मी काच काढली, साफ केलं, काच लावली. कोणी माझी थट्टा केली नाही. एका मास्तरीण बाईंनी एवढंच विचारलं, "कॅमेरा तोंडावरच राहील ना?"

मग आम्ही दोन मोबाइल लावले, एक पाटावर, एक तोंडावर. समालोचन माझ्या हातून गेलं. एकदा माझा घसा बसला म्हणून बायकोनं माइक घेतला आणि म्हणाली, "गेली पाहा, गेली. अशी निघाली जशी हिले कोणी माहेरी बलावलं." त्यानंतर मला माइक कोणी दिला नाही. कंडक्टर साहेबांना सगळ्या गाड्या-जीपांच्या वेळा पाठ आहेत, त्यामुळे शेवटची जीप सुटायच्या आत फायनल संपते. अशाच बंद पडलेल्या गेम झोनांतून मी आणखी दोन मशीन आणल्या; दुसरी कामरगावला जीप थांब्याजवळच्या भज्यांच्या हॉटेलात ठेवली, तिसरी आसेगावला. पहिलीत पीठ, दुसरीत तेल. मोटरसायकलला रबरं, फ्यूज आणि स्पिरिटची बाटली बांधून मी फिरत असतो. संस्थापक अध्यक्ष म्हणून नव्हे, पुसणारा म्हणून लोक मला ओळखतात.

स्पर्धा मी प्रत्येक वेळी खेळलो आणि प्रत्येक वेळी पहिल्या फेरीत हरलो. कामरगावच्या गेल्या स्पर्धेला जाताना जीपमध्ये काकू शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना न राहवून विचारलं, "काकू, माह्यं काय चुकते?"

त्यांनी पदरावरचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "तुमी गोळीकडं पायतच नाई, भाऊ. कोण पाहून राह्यलं, तिकडंच पायता."

कामरगावला माझी जोडी एका जीपवाल्याशी लागली. मी ठरवून मान वर केली नाही. गोळी आणि दोन हात, बस. तिन्ही गोळ्या संपल्या आणि गुणांकडे पाहिलं तर मी जिंकलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा.

मी वळून बायकोकडे पाहिलं. तिच्या हातात माइक होता, दुसऱ्या हातात भजं. ती प्रेक्षकांना भज्यांबद्दल सांगत होती. तोंडावरचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता.

"पाह्यलं काय?" मी विचारलं.

"काय?" ती म्हणाली.

दुसऱ्या फेरीपर्यंत मोबाइल परत जागेवर आला. भजी संपली होती, सगळे माझ्याभोवती उभे होते. मी एकदा, फक्त एकदाच, मान वर करून पाहिलं, आणि शेवटची गोळी फटीतून गेली. पुण्याहून साळ्यानं लगेच लिहिलं की या वेळचं तोंड पहिल्याहून चांगलं आलंय. बायकोनं ते माइकवर वाचून दाखवलं, आणि मी काच काढून तेल पुसायला घेतलं, कारण पुढची जोडी खोळंबली होती.