एका पिस्तुलाच्या दोन नळ्या

"दोन नळ्या आहेत तुझ्याकडे, दोन्ही धडधाकट. तिसरी कशाला हवी?"

"दोन्ही चुकीच्या आहेत म्हणून."

"इतकी वर्षं बरोबर होत्या. याच ऑक्टोबरात चुकायला लागल्या?"

मर्ल ट्वेट फडक्याने नळी पुसत राहिला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्याने पिस्तूल आणि त्याच्या दोन नळ्या मांडल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या टेबलावर त्याची बायको आर्लिस पावाचं पीठ मळत होती. वाद न्याहारीपासून चालला होता. मध्ये दोघं मेंढ्यांच्या हौदावरचा बर्फ फोडायला गेली तेवढा वेळ तो थांबला, आणि परत आल्यावर जिथे सोडला होता तिथून पुढे सुरू झाला.

"तुझ्याकडे केकचे साचे किती आहेत?" मर्ल म्हणाला. "मी कधी विचारलं?"

"केक बसला म्हणून मी कधी नवा साचा मागवला नाही."

खिडकीशी कॉफी पीत उभी असलेली त्यांची मुलगी जोलीन हसली. घटस्फोटानंतर ती माहेरी येऊन राहिली होती आणि शाळेची बस चालवत होती. "बाबा, हा टोला मात्र बसला तुम्हाला."

"तू तुझी बस बघ."

मर्लचं पिस्तूल साधं नव्हतं. त्यात एका वेळी एकच गोळी मावायची. दस्ता, चाप आणि घोडा एवढा भाग कायमचा. वरची नळी मात्र बदलता यायची. खालचं लाकूड काढायचं, बिजागरीची खीळ ढकलून बाहेर काढायची, की नळी हातात. दोन्ही नळ्या हातभर लांब आणि प्रत्येकीवर तिची तिची दुर्बीण घट्ट बसवलेली. बारीक नळी कायोटींसाठी. हे कोल्ह्याच्या जातीचे धूर्त प्राणी शरदात उशिराच्या कोकरांवर टपून असत. जाड नळी नोव्हेंबरातल्या हरणासाठी. घोडी अंगावर पडून मर्लचा उजवा खांदा मोडला, डॉक्टरांनी बंदूक खांद्याला लावायची नाही म्हणून सांगितलं, तेव्हापासून हेच त्याचं हत्यार. त्या हिवाळ्यात तो कुणाशी धड बोलत नव्हता. हे पिस्तूल घरात आलं आणि माणूस पुन्हा जेवणाच्या टेबलावर बोलायला लागला.

आर्लिसचा स्वभाव असा, की कारण कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं तर ती आधी ते उघडून बघायची, मग माणसाला बोलवायची. जनावरांचा डॉक्टर तिच्या गोठ्यात यायला बिचकायचा, कारण सुई टोचण्यापेक्षा तिला उत्तरं देण्यात त्याचा जास्त वेळ जायचा. पण या पिस्तुलाबद्दल तिने आजवर काही विचारलं नव्हतं. जी गोष्ट नवऱ्याला परत माणसात घेऊन आली, तिला कशाला हात लावा, असं तिचं होतं.

आता मात्र तिने हात पुसले आणि खुर्ची ओढली. "बरं, सांग. बारीक नळीने हरीण का नाही मारायचं?"

मर्लने तिच्याकडे संशयाने पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"गोळी हलकी असते," तो म्हणाला. "वेग भरपूर, सरळ रेषेत जाते. कायोटी लांब असला तरी फार हिशेब करावा लागत नाही, आणि कातडंही फाटत नाही. पण हरणाच्या फऱ्यावर लागली तर वरच फुटेल, आतपर्यंत पोचणार नाही. जनावर जखमी होऊन घळीत जाऊन मरेल."

"आणि जाड नळीने कायोटी?"

"मरेल ना. पण जड गोळी लवकर खाली येते. लांबवर नेम धरायचा तर किती वर धरायचं याचा अंदाज लागतो. आणि कातड्याची चाळण."

"बंदुकीतही हीच गोळी असते ना? मग तिकडे कशी लांब जाते?"

"नळी लांब असते. दारू पूर्ण जळायला जागा मिळते. इथे उरलेली दारू तोंडाबाहेर जळते. तो जाळ दिसतो ना, ती सगळी वाया गेलेली ताकद."

"म्हणजे ओव्हनचं दार उघडं ठेवून भाजल्यासारखं," आर्लिस म्हणाली.

"तसंच काहीसं." मर्ल आता रंगात आला होता. "म्हणून मधल्या मापाची नळी हवी. जाड नळीपेक्षा थोडी वेगवान, धक्का कमी, हरणाला पुरेशी. या जाड नळीचं काहीतरी बिनसलंय. गोळ्या बदलल्या, दुर्बिणीचे स्क्रू आवळले. ताटलीत काही बसत नाही."

ताटलीचं नाव निघालं आणि जोलीनने कप खाली ठेवला. ट्वेटांच्या घरात मर्लच्या बापापासूनचा नियम होता. हंगामाआधी शंभर यार्डांवर कागदी ताटली लावायची, तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही ताटलीत बसल्या नाहीत तर त्या वर्षी त्या माणसाने हरणाला जायचं नाही. हरणाचं काळीज ताटलीएवढंच असतं, असं म्हातारा म्हणायचा. मर्लने एका वर्षी खुद्द त्या म्हाताऱ्यालाच घरी बसवलं होतं. म्हातारा त्यानंतर पुन्हा कधी गेला नाही.

"नळी बिघडली की नाही, ते कसं कळणार?" आर्लिसने विचारलं.

"मी सांगतोय ना."

"तू सांगतोयस. मी बघते."

दुपारी तिघं गंजीमागच्या मोकळ्या रानात गेली. ट्रकच्या बॉनेटवर वाळूच्या पिशव्या, दूर काठीला ताटल्या. जाड नळी आर्लिसनेच चढवली. मर्लने खीळ ढकलायला घेतली होती, पण त्याचा अंगठा वळेना. त्याने हत्यार मुकाट्याने तिच्याकडे सरकवलं. पिस्तूल उघडायलाही जोर लागतो, तोही तिनेच लावला.

"आधी मी," ती म्हणाली.

"मनगट मोडून घेशील."

"तीस वर्षं मेंढ्या उताण्या पाडतेय या मनगटांनी."

पहिला बार झाला तेव्हा जाळ तिच्या डोळ्यांपुढे लखकन चमकला आणि पिस्तूल कपाळापर्यंत उसळलं. ती थोडा वेळ हातांकडे पाहत राहिली. दुखलं नव्हतं, नुसतं कुणीतरी जोरात टाळी दिल्यासारखं वाटलं. आणखी दोन झाडल्यावर जोलीन ताटली घेऊन आली. तिन्ही भोकं आत होती, एक काठाशी.

"नशीब," मर्ल म्हणाला.

"असेल."

मर्ल बसला. आर्लिसने काडतूस भरून पिस्तूल त्याच्या हातात दिलं. बार झाला, ताटलीच्या खाली माती उडाली. दुसऱ्या वेळीही तसंच. केक बसला तर आर्लिस एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी पीठ, मग ओव्हन, शेवटी स्वतःचा हात. नळी तर तिने तपासली होती. तिसऱ्या खेपेला ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि नव्या काडतुसाऐवजी खिशातलं झाडलेलं रिकामं काडतूस आत सरकवलं.

मर्लने नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. टिक्. बार झालाच नाही. पण नळीचं तोंड झपकन खाली गेलं, आणि मर्लचे डोळे गच्च मिटलेले होते.

जोलीनने पाहिलं. आर्लिसने पाहिलं. डोळे उघडल्यावर मर्लला वाळूत रुतलेलं नळीचं तोंड दिसलं.

"तू रिकामं घातलंस."

"हो."

"सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर कळलं असतं का?"

त्याने नळीच्या तोंडावरची वाळू झटकली. मग म्हणाला, "परत भर. काय भरलंस ते सांगू नकोस."

तिने पुन्हा रिकामंच भरलं. नळी पुन्हा खाली गेली. त्याने पिस्तूल पिशवीवर ठेवलं आणि डाव्या हाताने उजवं मनगट दाबत राहिला.

"किती दिवस दुखतंय?" आर्लिसने विचारलं.

"वसंतातल्या लोकर कापणीपासून. प्रत्येक बाराला कुणी हाडात खिळा ठोकतंय असं वाटतं. बार व्हायच्या आधीच हात पळतो."

"आणि तू बिचाऱ्या नळीला नावं ठेवत होतास."

"नळी बदलता येते," मर्ल म्हणाला.

आर्लिसने पिस्तूल त्याच्यापुढून उचललं. तिने जाड नळी उतरवली, बारीक चढवली, काडतूस भरलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने नको म्हटलं, मग घेतलं. बारीक नळीचा आवाज कडक होता, पण धक्का पोरासोराने दिल्यासारखा. तीनही गोळ्या ताटलीच्या मधोमध, एकमेकींना खेटून लागल्या. जोलीनने ताटली ट्रकच्या काचेला टेकवून ठेवली. मर्लने त्या ताटलीकडे एकदाच पाहिलं.

संध्याकाळी टेबलावर गेल्या वर्षीच्या हरणाच्या खिम्याचे गोळे, बटाटे आणि सकाळचा पाव होता. फ्रीजरमध्ये आता असं एकच पाकीट उरलं होतं. प्रार्थना मर्लने नेहमीपेक्षा आटोपती घेतली. बटाट्याचं भांडं फिरवताना तो म्हणाला, "मधल्या नळीला धक्का कमी असतो म्हणतात. ती मागवून बघितली तर कदाचित..."

"कदाचितवर हरीण मारायचं नाही, हे तुम्हीच आजोबांना सांगितलं होतं ना, बाबा," जोलीन हळूच म्हणाली.

मर्ल तिच्यावर रागावला नाही. त्याने काटा खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. शाळकरी पोर निकालाकडे बघतं तसं. आर्लिसने आपल्या पावाला लोणी लावलं, घास संपवला, आणि बोलली.

"नवी नळी येणार नाही. कायोटी तुझे, बारीक नळीने. यंदा हरणाला मी जाणार, जाड नळीने, आणि तू माझ्या शेजारी बसून वारा कुठून आहे ते सांगणार. नळ्या मी बदलीन. उद्या शिकारीचा परवाना काढून आणते."