हातआईची पेज

मला बोलताना धाप लागते. घाबरले की जास्तच लागते, आणि मी बहुतेक घाबरलेलीच असते. घोटीच्या बाजारात गेले की भाजीवाल्याशी बोलायची पण आता लाज वाटते, कारण माझा आवाज सगळ्यांनी ऐकलाय.

घोटीच्या पुढं आमचं गाव हाय, सगळी भाताची शेती. विहिरीजवळ बांधाला टेकून एक जुना दगड उभा हाय. त्याच्यावर कोपरात वाकवलेला एक हात कोरलाय, मनगटात बांगड्याच बांगड्या, पंजा उघडा, वर चंद्र-सूर्य. बाई नाय, नुसता हात. आमच्यात त्याला हातआई म्हणतात. बाळंतिणीला दूध येत नसलं की तिनं गरम गरम पेज नेऊन त्या हातावर ओतायची, आणि तांब्यात उरलेली आपण प्यायची. मला पोरीच्या वेळेला दूधच नव्हतं. ती रडून रडून लालबुंद व्हायची आणि माझी सासू, आत्याबाई, दारातून म्हणायची, "अंगात काय असंल तर येईल ना!"

मंग मी रोज पेज घेऊन जायचे, तिथंच ती ताई भेटली. शहरातली, इंदिरानगरची, जुन्या दगडांचं, लेण्यांचं शिकलेली. हातात उंदरासारखा केसाळ माइक होता. म्हणाली, मी पॉडकास्ट करते, जुन्या गोष्टी लोकांना सांगते.

"म्हणजे व्हिडिओ का ओ ताई?"

"नाही गं, नुसता आवाज. रेडिओसारखं."

"तोंड नाय दिसणार?"

"नाही. नाव पण सांगू नकोस हवं तर."

तोंड नाय, नाव नाय, म्हणजे मी कुठंच नाय, असं मला वाटलं. मी आठवीत शाळा सोडली, मला एवढंच कळलं. तरी पण पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि बोलले. सगळंच बोलले बाई. पेज कशी ओतायची ते, छाती दाबून दाबून दुखायची पण थेंब येत नव्हता ते, आत्याबाई काय बोलते ते. नर्सबाईपुढं जे कुजबुजून सांगितलं होतं ते त्या माइकात मोठ्यानं सांगितलं. मला असं बसून कोणी विचारलंच नव्हतं कधी. शेवटी मीच विचारलं, ही हातआई कोण हाय ओ? ताई म्हणाली, "नीट बघून सांगते, आत्ता उगाच काही बोलत नाही."

पुढं पोरीला दूध आलं, कशानं ते ठाऊक नाय. मी ते बोलणं विसरून पण गेले.

मंग एका बाजारच्या दिवशी सासरे घोटीत चहा प्यायला टेकले तर गावातल्याच एकानं मोबाईल त्यांच्या कानाला लावला. "आबा, ही तुमचीच सून ना? ऐका की, कशी धापा टाकते!" सगळे हसले म्हणं. सासरे घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि आत आलेच नाय.

संध्याकाळी आमच्या यांनी घराच्या मधोमध मोबाईल ठेवून ते लावलं. मी चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून उभी. माझाच आवाज, दर वाक्याला मंग, मंग, आणि मधे तो श्वास. त्यात मी छाती म्हणाले, दूध म्हणाले, आणि ओट्यावर सासरे बसलेले. उघड्यावर अंघोळ करताना कोणी बघावं तसं झालं मला.

"मला वाटलं तोंड दिसत नाय म्हणून..."

"तुझं नाव कशाला लागतंय?" हे ओरडले. "आख्ख्या गावात असं कोण बोलतं?"

आत्याबाई म्हणाली, "तोंड झाकलंस आणि आवाज उघडा टाकलास व्हय गं? आणि मला जगात वाईट केलंस. हिला माहेरी घाल रे. घाल म्हणते ना!"

"सकाळीच सोडून येतो," हे म्हणाले.

पण मोबाईल चालूच होता, कोणी बंदच केला नाय. आता ताई बोलत होती. म्हणाली, ही सतीशिळा आहे. नवऱ्याच्या चितेवर जळालेल्या बाईची ती खूण. बांगड्या म्हणजे ती सवाष्ण गेली. चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर तिचं नाव राहील. पण नाव कुठंच कोरलेलं नाही.

जळालेल्या बाईच्या हातावर मी रोज कढत पेज ओतली होती, आणि वर दूध पण तिलाच मागितलं होतं. माझं तोंड भिंतीकडंच होतं, तिथून वळवावं असं वाटेना.

मागून आत्याबाई हळूच बोलली, "मी पण ओतलीये. ह्याच्या वेळेला. वाफ निघायची त्या हातातून." मंग म्हणाली, "तिला लेकरू होतं का काय गं?"

मी विहिरीकडं जाऊन ताईला फोन लावला, रडत रडतच बोलले. ती लय वरमली. तिथल्या तिथं माझं बोलणं काढते म्हणाली, आणि काढलं पण. आता त्यात नुसती जळालेली बाई उरलीये, पेज नाय, पोर नाय. पण आधीचं लोकांच्या मोबाईलमधी हायच.

सकाळी मी पिशवी भरली, पोरीला टोपडं घातलं. यांनी गाडी चालू केली. मी बसणार तेवढ्यात आत्याबाई तांब्या घेऊन बाहेर आली.

"आधी विहिरीवर तिला पेज देऊन ये."

मी हात पुढं केला तर तिनं तांब्या दिलाच नाय. पेजेत बोट बुडवलं आणि पटकन काढलं.

"थांब. गरम हाय अजून." मंग यांच्याकडं न बघताच म्हणाली, "गाडी बंद कर रे, पेट्रोल काय फुकट हाय का?"

ती उंबऱ्यात बसली. मी पण बसले, खाली मान घालून, पोरगी मांडीवर. तांब्या आमच्या दोघींच्या मधे होता, आणि ती मधून मधून बोट बुडवून बघत होती.