लूमच्या ठोक्यावर श्वास

दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत, एका दुपारी, भिवंडीतल्या आमच्या घरी माझ्या थोरल्या भावाने सांगितले की तो आपले शरीर खाटेवर ठेवून छताच्या पत्र्यापर्यंत वर गेला होता आणि परत आला. त्या वेळी खोलीत वहिनी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही. "चप्पल घालून गेला होतात का?" एवढेच तिने विचारले.

मी तेव्हा ठाण्याच्या एका दैनिकाला भिवंडीच्या बातम्या देत असे. दुपारी मी राहनाळला एका गोदामाच्या वादाची माहिती घ्यायला गेलो होतो. संध्याकाळी घरी आल्यावर मी दोघांनाही वेगवेगळे विचारले. दोघांचे सांगणे जुळले. फक्त चपलेचा प्रश्न दादाला आठवत नव्हता.

दादा जॉबर होता. जॉबर म्हणजे लूमचा, यंत्रमागाचा, मिस्त्री. बिघडलेला लूम तो चालू करून देई आणि सूत संपले की नवा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, चढवी. आदल्या पावसाळ्यात सुताने भरलेला एक बीम चढवताना हातातून सुटला आणि त्याच्या डाव्या मांडीवर आला. हाड मोडले. ऑपरेशन झाले, आत सळई घातली. इस्पितळात वॉकर देऊन त्याला पहिल्यांदा उभे केले तेव्हा तो पडला. सळईला काही झाले नाही, हाडालाही नाही. पण त्यानंतर त्याने डावा पाय जमिनीवर टेकवला नाही. न्हाणीघरात जायचे तर एका बाजूने वहिनी आणि दुसऱ्या बाजूने शेजारचा एखादा कामगार धरी. तेवढ्या अंतरातही तो डावा पाय उचलूनच धरत असे.

दिवाळीनंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले. डॉक्टरांनी वहिनीला स्पष्ट सांगितले होते, "आता वजन टाकलं नाही तर गुडघा आखडेल आणि मांडी सुकत जाईल. मग हाड जुळूनही उपयोग नाही." मांडी सुकत चालली होती. वहिनी रोज तेल लावायची, त्यामुळे सर्वांत आधी ते तिच्या हातांना कळले.

श्वासाचा प्रकार घरात आणला तो आत्याने. आत्या गणेशपुरीला राहायची. तिथे आश्रमात येणाऱ्या पाहुण्यांना ती दोन खोल्या भाड्याने देई. असाच एक पाहुणा, बँकेतून निवृत्त झालेला, तिच्याकडे महिनाभर राहिला होता. जाताना तो तिला श्वासाची एक पद्धत शिकवून गेला. उताणे पडायचे, तळवे वर. श्वास पोटापर्यंत घ्यायचा, थोडा रोखायचा आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा. प्रत्येक सोडलेल्या श्वासाबरोबर शरीराचा एकेक भाग आपला नाही असे समजायचे. सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून. डोक्यापर्यंत आले की माणूस सुटतो, असे तो म्हणाला होता.

"तू सुटलीस का कधी?" दादाने तिला विचारले.

"मना कुठं टाइम हाय?" आत्या म्हणाली. "मी डोक्यापर्यंत येतंय तवर झोप लागते. पर तुझं बरं हाय. तू पडूनच हायस."

मोजायचे कसे, हे तिने शिकवले ते असे: मनात देवाचे नाव घ्यायचे, जेवढी नावे आत तेवढी रोखून, त्याच्या दुप्पट बाहेर. दादाचे नावावर लक्ष लागेना. आमच्या दोन खोल्या लूमच्या शेडला लागून होत्या. मधली भिंत एका विटेची. फळीवरचे पाण्याचे तांबे दिवसभर एकमेकांना लागून किणकिणत. पाहुणे आले की आम्ही आपोआप मोठ्याने बोलत असू, आणि ते गेल्यावरही थोडा वेळ तसेच बोलत असू. अशा घरात देवाच्या नावाआधी लूमचा ठोका ऐकू येणार. दादाने श्वास त्या ठोक्याला जोडला.

पहिल्या प्रयत्नात त्याने प्रत्येक ठोक्याला एक श्वास घेतला. लूमचा ठोका म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या पुढे धावणारी वस्तू. थोड्याच वेळात त्याचे ओठ बधिर झाले, बोटे आत वळली आणि खाट हलते आहे असे त्याला वाटले. वहिनीने त्याच्या नाकाशी कांदा धरला. शेजारच्या बाईने पायताण हुंगवायला सांगितले. गल्लीतले डॉक्टर आले तोपर्यंत बोटे सरळ झाली होती.

"काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारले.

"शरीर सोडत होतो."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने हातपाय वळतात आणि डोके हलके होते, हे त्यांनी समजावले. असे पुन्हा करायचे नाही, हेही सांगितले. मग म्हणाले, "शरीर सोडायची घाई कशाला? आधी त्याच्या पायावर उभे तर राहा."

दादाने यातला पहिला भाग ऐकला. दुसऱ्या दिवसापासून त्याने ठोके बदलले: आठ ठोक्यांत श्वास आत, आठ रोखून, सोळा ठोक्यांत बाहेर. यात बोटे वळली नाहीत. आठवड्याभरातच फेब्रुवारीतली ती दुपार आली.

त्यानंतर तो जवळजवळ रोज जाऊ लागला. आधी पत्र्यापर्यंत. मग पत्र्याच्या वर. मग शेडमध्ये. परत आल्यावर तो तपशील सांगे: कोपऱ्यातल्या लूमचा पट्टा ढिला आहे, एक कामगार बाकावर झोपला आहे. मी एकदा शेडमध्ये जाऊन पाहिले. पट्टा खरेच ढिला होता. पण ढिल्या पट्ट्याचा आवाज भिंतीतून आम्हा सर्वांनाच ऐकू येत होता. बाकावर कोणी झोपलेले नव्हते. तिथल्या माणसाला विचारले तर तो म्हणाला, "अभी उठ के गया." हे खरे की माझी समजूत काढायला, ते ठरवता आले नाही.

एवढे खरे की दादाचा चेहरा बदलला. तो पुन्हा जेवू लागला. दाढी करू लागला. पावसाळ्यापासून कोणावरही खेकसणारा माणूस आता जेवताना आत्याची नक्कल करू लागला. घरात हसणे परत आले, हे मी नोंदवायला हवे.

शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीला, लूम बंद असत. त्या दिवशी त्याला जाता येत नसे. शांततेत त्याचा श्वास अडखळे. एरवीही मध्येच लाइट गेली की लूम एकामागून एक थांबत आणि तो खाटेवर दचकून डोळे उघडत असे.

अशाच एका दुपारी, लाइट गेल्यावर, त्यांचे बोलणे मी स्वतः ऐकले.

"पडलो," दादा म्हणाला.

"कुठून?" वहिनीने विचारले.

"पत्र्यावरून. धाडकन."

"लागलं?"

"छे. तिथं काय लागतंय?"

"मग पडायची सवय झाली म्हणायची," वहिनी म्हणाली. "आता जमिनीवरून पडून बघा. तिथून अंतर कमी आहे."

दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वॉकर कोपऱ्यात होता. त्यावर वहिनीने टॉवेल वाळत घातले होते.

त्या संध्याकाळी तिने मला ओट्यावर गाठले. "भाऊजी, हे खरं असलं तर मी काय करू?" ती म्हणाली. "खोटं असलं तर निदान भांडता येईल. पण खरंच जाता येत असेल, तर हा माणूस पायावर उभा कशाला राहील? त्यांचं सगळं पडल्या पडल्या होतंय. मला नवरा जमिनीवर हवाय."

मी तिला म्हणालो की खरे-खोटे तपासता येईल. तपासणीची रीत साधी होती. दादाच्या म्हणण्याप्रमाणे वर गेल्यावर त्याला लोखंडी कपाटाचा माथा दिसे. तिथे काय आहे ते त्याने अचूक सांगितलेही होते: मिक्सरचा रिकामा खोका आणि जुनी छत्री. पण त्या वस्तू त्यानेच कधीतरी तिथे टाकल्या होत्या. म्हणून वहिनीने तिथे काहीतरी ठेवायचे, जे त्याला ठाऊक नाही. मलाही सांगायचे नाही, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळणार नाही.

दादाने आव्हान लगेच घेतले. आत्या नेमकी त्या दिवशी भाजी घेऊन आली होती. तिला हे पसंत नव्हते. "देवाच्या कामात पेपरवाल्यानं नाक घालू न्हाय," ती म्हणाली. पण ती गेली नाही. पाट ओढून बसली.

दुपारची वेळ. लूम चालू. वहिनीने आम्हा तिघांना डोळे मिटायला लावले आणि स्टुलावर चढून वस्तू ठेवली. मग स्टूल बाहेर नेऊन ठेवले. दादा उताणा पडला. तळवे वर. त्याची छाती ठोक्यांबरोबर वर-खाली होताना दिसत होती, मग तेही दिसेनासे झाले. आत्याला डुलकी लागली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"वाटी," तो म्हणाला. "स्टीलची. पालथी."

"नाही," वहिनी म्हणाली.

"वाटीच आहे. मी बघितली."

"नाही म्हटलं ना."

"मग काय आहे?"

"ते मी का सांगू? तुम्ही जाऊन आलात ना?"

"तुझ्या वहिनीसाहेब खोटं बोलतायत," दादा मला म्हणाला. "तू चढून बघ रे. काढ ती वाटी."

"भाऊजी चढणार नाहीत," वहिनी म्हणाली. "त्यांनी हात लावला तर ते तुमचे भाऊ, मला पटणार नाही. मी काढली तर तुम्ही मला खोटारडी म्हणाल. ज्याला बघायचंय त्यानं बघावं." आणि ती आतल्या खोलीत चहा ठेवायला गेली.

दादा आत्याकडे वळला. आत्या जागी झाली होती. "माझा हात पोचत न्हाय, बाला," ती म्हणाली.

यानंतर जे झाले ते मी आणि आत्याने पाहिले. दादा कोपरांवर उठून बसला. पाय खाली सोडले. वॉकर मागितला. मी टॉवेल काढून तो पुढे केला. त्याचे सगळे लक्ष कपाटाच्या माथ्याकडे होते आणि तोंडाने चालूच होते: "वाटी नाही म्हणे. मला काय दिसत नाही काय?" तो उभा राहिला. डावा पाय टेकला. कपाट खाटेपासून फार लांब नव्हते. तो तिथे पोहोचला, एक हात वॉकरवर ठेवला, दुसरा वर केला, टाचा थोड्या उचलल्या आणि कपाटावर चाचपडला.

हातात बटाटा आला. मध्यम आकाराचा, माती न धुतलेला.

वहिनी दारात उभी होती. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"वरून बघितल्यावर बटाटा वाटीसारखाच दिसतो," दादा म्हणाला.

"दिसत असेल," वहिनी म्हणाली. "तुम्ही गेलाय, मी कशाला नाही म्हणू?"

"अरे बाला," आत्या म्हणाली, "तू उभा हायस."

दादाने खाली पाहिले. मी खुर्ची सरकवली, पण तो तिच्यात बसला नाही. वॉकर धरून उलट्या दिशेने खाटेपर्यंत आला आणि मगच बसला. घाम आला होता. बटाटा अजून हातात होता. वहिनीने तो घेतला आणि रात्रीच्या भाजीत घातला. भाजीत दुसरेही बटाटे होते, त्यामुळे कोणाच्या ताटात तो आला हे सांगता येत नाही.

तिने हे आधीच ठरवले होते का, असे मी नंतर विचारले. "मला खरं-खोटं बघायचं होतं," ती म्हणाली. "कपाटावर हात पोचायला त्यांनाही स्टूल लागेल असं मला वाटलं होतं. त्यांची उंची मी विसरले होते."

पुढच्या गोष्टी क्रमाने घडल्या. दादा दिवसातून थोडे थोडे चालू लागला. आधी कपाटापर्यंत, मग दारापर्यंत, मग शेडच्या तोंडापर्यंत. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि व्यायाम वाढवून दिला. उन्हाळ्यात वॉकर जाऊन काठी आली. पावसाळ्यात तो अर्ध्या शिफ्टसाठी कामावर जाऊ लागला. बीम चढवायला बरोबर दोघांना घेई. मालकाने ते मान्य केले.

श्वास त्याने सोडला नाही. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागे गोण्यांवर उताणा पडून तो करी. मात्र त्या वेळी इतर कामगारही जेवायला थांबत, लूम थांबत, आणि ठोका नसे. तेव्हा त्याने मनात मोजायला सुरुवात केली. आता कुठपर्यंत जातोस, असे विचारले तर म्हणे, "गुडघ्यापर्यंत. तिथं आलं की सुट्टी संपल्याची शिट्टी होते." आणखी दोनदा त्याने कपाटावरची वस्तू ओळखायचा प्रयत्न केला. एकदा चुकला. एकदा त्याने "काहीच नाही" असे सांगितले आणि ते बरोबर निघाले. आत्या ते यश मोजते, वहिनी मोजत नाही. मी दोन्ही बाजू दिल्या आहेत.

दिवाळीनंतर वाड्याला आमच्या चुलत बहिणीचा साखरपुडा होता. दादा, वहिनी आणि मी भिवंडीच्या स्टँडवरून एसटीने निघालो. स्टँडपर्यंत तो काठीशिवाय चालत आला. गाडी भरलेली होती. कंडक्टरने त्याला पुढे सरकायला सांगितले, तसा तो पुढे सरकला आणि वरची दांडी धरून उभा राहिला. अंबाडी नाक्याला एक जागा रिकामी झाली. तिथे वहिनी बसली.